विश्लेषण : ‘सिद्धार्थ’ पडद्यावर मावतो का? हर्मन हेसे यांचे आयुष्य काय सांगते?

तत्त्वचिंतनात्मक कादंबरीवर चित्रपट आला की एक वाद ठरलेलाच असतो. पुस्तक वाचलेले म्हणतात, गाभा हरवला. न वाचलेले म्हणतात, चित्रपट फारच संथ आहे. आपल्याकडे १९६५ च्या ‘गाईड’बाबतही हेच झाले. प्रेक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतला, पण मूळ कादंबरीचे लेखक आर. के. नारायण त्यावर नाराजच राहिले. या वादाचे सर्वात बोलके उदाहरण मात्र जर्मन-स्विस लेखक हर्मन हेसे यांचे. त्यांच्या ‘सिद्धार्थ’ या कादंबरीवरील चित्रपट भारतात चित्रित झाला आणि शशी कपूर त्याचे नायक होते. तरीही तो कादंबरीला न्याय देतो का, हा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही कायम आहे. याचे उत्तर शोधायचे तर आधी हेसे यांचे आयुष्य पाहावे लागते. कारण त्यांचे तत्त्वज्ञान ग्रंथालयात नव्हे, त्यांच्या घरात आणि अपयशांत घडले.

हेसे कुटुंबाचा भारताशी काय संबंध?

हर्मन हेसे यांचा जन्म २ जुलै १८७७ रोजी जर्मनीतील काल्व या नागोल्ड नदीकाठच्या छोट्या गावात झाला. पण घराचे अर्धे मन भारतात होते. आई मारी यांचा जन्म १८४२ मध्ये केरळमधील तलश्शेरीचा. वडील योहानेस काही वर्षे बासेल मिशनचे धर्मप्रचारक म्हणून मंगळूर भागात होते. प्रकृती न मानवल्याने ते युरोपात परतले. कोकणातल्या घरांवर आजही दिसणाऱ्या मंगलोरी कौलांचा पहिला मोठा कारखाना याच बासेल मिशनने १८६० च्या दशकात काढला होता.

आजोबा हर्मन गुंडर्ट हे तर केरळमध्ये आजही आदराने घेतले जाणारे नाव आहे. त्यांनी मल्याळम भाषेचे व्याकरण लिहिले आणि १८७२ मध्ये मल्याळम-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. भारतातून परतल्यावर ते काल्वमध्ये राहिले. त्यांच्या घरी भारतीय ग्रंथ होते, दूरदेशीचे पाहुणे येत आणि अनेक भाषा कानावर पडत. लहान हर्मनने भारत पाहिला नाही, पण ऐकला भरपूर. त्याच घरात ख्रिस्ती धर्माची कडक शिस्तही होती. मुलाने पुढे धर्मोपदेशक व्हायचे, हे जवळपास गृहीतच होते.

मग ते धर्मोपदेशक का झाले नाहीत?

१८९१ मध्ये त्यांना माउलब्रॉन येथील जुन्या मठातील धर्मशाळेत शिकायला पाठवले गेले. तिथे प्रवेश मिळणे हा मान समजला जाई. पुढच्याच वर्षी, मार्च १८९२ मध्ये, १४ वर्षांचा हर्मन तिथून पळाला. दुसऱ्या दिवशी सापडला, पण शाळेत रमला नाही. त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. त्याने स्वतःचे आयुष्य संपवण्याचाही प्रयत्न केला. आईवडिलांनी त्याला मनोरुग्णांच्या संस्थेत ठेवले. तिथून घरी लिहिलेल्या पत्रांत वडिलांच्या श्रद्धेविरुद्धचा संताप स्पष्ट दिसतो.

नंतर काल्वमध्येच मनोऱ्यांवरील घड्याळे बनवणाऱ्या कारखान्यात तो उमेदवारी करू लागला. हातात कानस आणि डोक्यात कविता, अशी ती दीड वर्षे होती. १८९५ पासून ट्युबिंगेनच्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी आणि १८९९ मध्ये बासेल. शिक्षण असे जे झाले, ते बहुतांश स्वतः वाचून. १९०४ मध्ये ‘पेटर कामेनत्सिंट’ ही कादंबरी गाजली आणि लेखणीवर घर चालू लागले. १९०६ च्या ‘चाकाखाली’ या कादंबरीत शाळेच्या दडपणाखाली चिरडलेला हुशार मुलगा येतो. तो कोण, हे वेगळे सांगायला नको.

इथेच त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाचे बीज आहे. दुसऱ्याने सांगितलेले सत्य, ते कितीही पवित्र असले तरी, आपले होत नाही. ते स्वतः जगूनच मिळवावे लागते.

हेसे भारतात आले होते का?

मुख्य भूमीवर नाही. १९११ च्या सप्टेंबरमध्ये ते चित्रकार मित्र हान्स श्टुर्झेनएगर यांच्याबरोबर पूर्वेकडे निघाले. सिलोन, पेनांग, सिंगापूर, सुमात्रा असा प्रवास झाला. मलबारला, म्हणजे आईच्या जन्मभूमीला, जाण्याचा बेत मात्र तडीस गेला नाही. उकाडा, पोटाचे आजार आणि वसाहतींतले वास्तव यांनी ते थकले. वर्ष संपण्यापूर्वीच ते परतले. ज्या आध्यात्मिक पूर्वेची त्यांनी कल्पना केली होती, ती बंदरांतून सापडली नाही. घरी आजोबांच्या कपाटात होती तेवढीही नाही.

म्हणजे ज्या कादंबरीमुळे पुढे हजारो पाश्चात्त्य तरुण भारताकडे ओढले गेले, तिच्या लेखकाने गंगा कधी पाहिलीच नव्हती. ‘सिद्धार्थ’मधली नदी ही वर्णनाची नदी नाही, मनातली आहे. चित्रपटाचा विचार करताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

‘सिद्धार्थ’ लिहिताना मध्येच का थांबावे लागले?

पहिल्या महायुद्धाने हेसे यांचे जग मोडले. १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्विस वृत्तपत्रातून लेखक-विचारवंतांना द्वेषाच्या सुरात सूर न मिसळण्याचे आवाहन केले. जर्मन वृत्तपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरवले. जुने मित्र दुरावले. तरीही बर्नमध्ये राहून ते जर्मन युद्धकैद्यांना पुस्तके पाठवण्याचे काम करत राहिले. १९१६ मध्ये वडील गेले, धाकटा मुलगा गंभीर आजारी पडला, पत्नी मारिया यांचे मानसिक संतुलन ढासळू लागले. हेसे यांनी स्वतः मनोविश्लेषणाचे उपचार घेतले. कार्ल युंग यांचे सहकारी डॉ. लांग यांच्याकडे हे उपचार झाले.

त्यातून ‘डेमियान’ आली. १९१९ मध्ये ती एमिल सिंक्लेअर या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. नवोदित लेखकासाठीचा पुरस्कारही तिला मिळाला. खरा लेखक उघडकीला आल्यावर हेसे यांनी तो परत केला. त्याच वर्षी कुटुंब विखुरले. तीन मुलगे इतरांकडे राहू लागले आणि हेसे एकटेच दक्षिण स्वित्झर्लंडच्या मोंतान्योला गावात भाड्याच्या खोल्यांत येऊन राहिले.

तिथे वर्ष संपता संपता ‘सिद्धार्थ’ सुरू झाली. पहिला भाग झरझर उतरला. ब्राह्मणपुत्राने घर सोडणे, श्रमणांसोबतचे उपवास आणि तपश्चर्या, गौतम बुद्धांची भेट. पण दुसऱ्या भागात लेखणी अडली, ती जवळपास दीड वर्ष. कारण हेसे यांनीच नोंदवून ठेवले आहे. शोधणारा, सोसणारा सिद्धार्थ त्यांनी स्वतः अनुभवलेला होता. ज्याला सापडले आहे, असा सिद्धार्थ लिहायला घेतल्यावर मात्र पुढे काही सुचेना. न जगलेले लिहिता येत नव्हते. मधल्या काळात त्यांनी युंग यांच्याशीही मनोविश्लेषणाच्या बैठका केल्या. अखेर १९२२ मध्ये पुस्तक पूर्ण होऊन प्रसिद्ध झाले.

हा सिद्धार्थ म्हणजे बुद्धच का?

नाही. मराठी वाचकाला सिद्धार्थ म्हटले की गौतम बुद्धच आठवतात. त्यामुळे हा खुलासा आवश्यक आहे. कादंबरीत गौतम बुद्ध हे स्वतंत्र पात्र आहेत आणि नायक सिद्धार्थ त्यांच्या काळातला एक तरुण. तो बुद्धांना भेटतो, हा माणूस खरोखर मुक्त आहे हे ओळखतो आणि तरीही संघात जात नाही. त्याचे म्हणणे असे, की बुद्धांनी उपदेश दिला, पण बोधीच्या क्षणी त्यांना काय झाले ते उपदेशात येऊ शकत नाही. मित्र गोविंद मात्र संघात राहतो.

पुढे सिद्धार्थ कमला या गणिकेकडे प्रेम शिकतो, कामस्वामी या व्यापाऱ्याकडे पैसा. जुगार, मद्य, उबग. एके दिवशी सगळे सोडून तो नदीकाठी येतो आणि जीव द्यायच्या विचारापर्यंत पोहोचतो. तिथून वासुदेव नावाच्या नावाड्याबरोबर त्याचे उरलेले आयुष्य सुरू होते. कमलापासून झालेला मुलगा त्याच्याकडे येतो आणि त्याला सोडून पळून जातो, जसा तो स्वतः एकदा आपल्या वडिलांना सोडून गेला होता. धर्मशाळेतून पळालेला मुलगा आणि मुलांपासून दुरावलेला बाप, हेसे दोन्ही होते. पुस्तकातले हे पान म्हणूनच कोरडे तत्त्वज्ञान वाटत नाही.

चित्रपट कसा झाला?

हेसे यांना १९४६ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले. ९ ऑगस्ट १९६२ रोजी मोंतान्योला येथे त्यांचे निधन झाले. खरी जागतिक लाट त्यानंतर उसळली. ‘सिद्धार्थ’चा इंग्रजी अनुवाद अमेरिकेत १९५१ मध्येच आला होता. साठच्या दशकात युद्धविरोधी, प्रस्थापितांना कंटाळलेल्या तरुणांच्या खिशात तो दिसू लागला. एका रॉक बँडने तर ‘स्टेपनवुल्फ’ हे त्यांच्या दुसऱ्या कादंबरीचे नावच घेतले. १९७१ मध्ये अमेरिकेत ‘झकारिया’ हा गाण्यांनी भरलेला काउबॉयपट आला. त्याची कथा ‘सिद्धार्थ’वर सैलपणे बेतलेली होती.

१९७२ चा ‘सिद्धार्थ’ अमेरिकी दिग्दर्शक कॉनराड रूक्स यांनी केला. ऋषिकेश आणि भरतपूर परिसरात चित्रीकरण झाले. कॅमेरा स्वेन निक्विस्ट यांचा, म्हणजे इंगमार बर्गमन यांच्या चित्रपटांचे छायाचित्रकार. शशी कपूर सिद्धार्थ, सिमी गरेवाल कमला, रोमेश शर्मा गोविंद आणि झुल वेलाणी वासुदेव. सिद्धार्थच्या मुलाच्या भूमिकेत शशी कपूर यांचे खरे पुत्र कुणाल होते. संगीत हेमंतकुमार यांचे. मराठी रसिकांना हा आवाज कोळीगीतामुळे घरचा वाटतो. इथे त्यांची बंगाली गाणी आहेत, संवाद मात्र इंग्रजी.

भारतात या चित्रपटाची चर्चा झाली ती बहुतांशी सिमी गरेवाल यांच्या विवस्त्र दृश्यावरून. तत्त्वज्ञान बाजूलाच राहिले. परदेशात निक्विस्ट यांच्या छायाचित्रणाचे कौतुक झाले. धुके, पाणी, पहाटेचा प्रकाश यांनी पडदा भारून जातो. पण नाट्य विरळ आहे, ही तक्रार तेव्हाही होती आणि आज पाहतानाही ती पटते.

अडचण नेमकी कुठे येते?

पहिली अडचण काळाची. कादंबरीत एक वाक्य लिहून दहा वर्षे सरकवता येतात. व्यापारात बुडालेल्या सिद्धार्थची झीज हेसे काही पानांत, निवेदकाच्या संथ सुरात सांगतात आणि आपल्याला तो काळ जड झाल्यासारखा वाटतो. चित्रपटाला तेच प्रसंगांतून दाखवावे लागते. सुमारे दीड तासात तरुण, विलासी, थकलेला आणि ज्ञानी असे चार सिद्धार्थ येतात. दाढी-केस बदलतात, पण आतली वर्षे जाणवत नाहीत.

दुसरी अडचण आतल्या आवाजाची. कादंबरीत विचार हाच प्रसंग असतो. पडद्यावर विचार दिसत नाही. मग तो संवादात घालतात. पुस्तकात बऱ्याच वाटचालीनंतर उमगलेली गोष्ट इथे एक पात्र दुसऱ्याला समोरासमोर सांगून टाकते. ती सुविचारासारखी ऐकू येते.

तिसरी अडचण खास याच पुस्तकाची. माहिती दुसऱ्याला देता येते, पण शहाणपण शब्दांतून देता येत नाही, असे ‘सिद्धार्थ’चे सांगणे आहे. हे ज्या पुस्तकाचे सार, त्याचे विचार संवादांत वाटणे म्हणजे त्याच्या विरोधात जाणे. चित्रपट पुस्तकाशी शब्दशः प्रामाणिक राहतो तिथेच तो त्याच्या अर्थापासून दूर जातो.

याउलट जिथे कोणी बोलत नाही तिथे तो जवळ येतो. नदी, नाव, वल्ह्याचा आवाज, दोन म्हाताऱ्यांचे नुसते बसणे. इथे कॅमेऱ्याला पुस्तकापेक्षा एक गोष्ट सोपी आहे. हेसे यांना शांतता सांगण्यासाठीही शब्दच वापरावे लागले. पडद्यावर खरोखर शांत राहता येते. मुलगा बापाला नाकारतो त्या प्रसंगात तर पडद्यावर खरे बापलेक आहेत. तिथे भाष्याची गरज उरत नाही.

‘स्टेपनवुल्फ’ला वेगळा न्याय मिळाला का?

काही अंशी. १९२७ ची ही कादंबरी हेसे यांच्या पन्नाशीतली आहे. दुसरे लग्नही टिकले नव्हते, शहरातल्या भाड्याच्या खोलीत एकटेपणाचे दिवस काढून झाले होते. नायक हॅरी हालर, आद्याक्षरे लेखकाचीच. अर्धा माणूस, अर्धा लांडगा असे तो स्वतःला समजतो. मग हर्मिना नावाची तरुणी त्याला नाचायला शिकवते आणि शेवटी एका जादुई नाट्यगृहात त्याला स्वतःचे असंख्य तुकडे दिसतात. पुस्तकाच्या पोटात आणखी एक पुस्तिका आहे. तिच्यात हॅरीच्या मनाचे निबंधासारखे विश्लेषण येते. यात कथा जवळपास नाहीच. असे पान चित्रपटात कसे आणायचे?

१९७४ मध्ये फ्रेड हेन्स यांनी हा चित्रपट केला. हॅरीच्या भूमिकेत माक्स फॉन सिडो होते. त्या निबंधासाठी हेन्स यांनी थेट रंगीत ॲनिमेशन वापरले आणि जादुई नाट्यगृहासाठी त्या काळी नव्या असलेल्या व्हिडीओ तंत्राचे प्रयोग केले. चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही आणि आज त्यातल्या काही करामती जुनाट वाटतात. पण प्रश्नाकडे पाहण्याची दिशा बरोबर होती. पुस्तकात जिथे लेखनाचा प्रकार बदलतो, तिथे चित्रपटानेही आपला प्रकार बदलला.

हेसे यांनी नंतर लिहिले होते, की वाचकांना या पुस्तकातली निराशा तेवढी दिसली, बरे होण्याची वाट दिसली नाही. म्हणजे चुकीचे वाचन करायला चित्रपटच लागतो असे नाही. पुस्तक हातात असूनही ते होते.

पुढच्या प्रयत्नांचे काय?

१९३० च्या ‘नार्सिसस आणि गोल्डमुंड’वर ऑस्ट्रियाचे ऑस्करविजेते दिग्दर्शक श्टेफान रुझोवित्स्की यांनी २०२० मध्ये चित्रपट आणला. विचाराला वाहिलेला संन्यासी आणि अनुभवाला वाहिलेला कलावंत अशा दोन मित्रांची ही मध्ययुगीन गोष्ट. मठ, प्रवास, प्रेमप्रकरणे, मूर्तिकला यांमुळे ती पडद्याला सोयीची आहे. पण सोयीच्या गोष्टी पुढे आल्या की त्या दोघांमधला वाद मागे पडतो, हा धोका इथेही होता.

‘काचमण्यांचा खेळ’ ही शेवटची मोठी कादंबरी मात्र चित्रपटवाल्यांपासून दूरच राहिली. नाझी राजवटीत तिला जर्मनीत परवानगी मिळाली नाही, म्हणून ती १९४३ मध्ये झुरिकमधून निघाली. त्या काळात हेसे यांच्या तिसऱ्या पत्नी निनॉन या ज्यू होत्या आणि घराचे दार जर्मनीतून पळालेल्यांसाठी उघडे होते. जग जळत असताना फक्त विचारांशी खेळणारी विद्वानांची वसाहत किती काळ निर्दोष राहू शकते, हा या पुस्तकाचा प्रश्न. तो ज्या खेळातून मांडला आहे, त्याचे नियम हेसे यांनी मुद्दामच स्पष्ट केलेले नाहीत. वाचक ते मनाने भरतो. कॅमेऱ्याला मात्र पटावर काहीतरी ठेवावेच लागेल.

मग चित्रपट न्याय देऊ शकतो का?

न्याय म्हणजे पुस्तकातले सगळे विचार पडद्यावर येणे असे धरले, तर नाही. त्या हिशेबाने चित्रपट नेहमीच हरणार. पण हेसे यांचे आयुष्य दुसरे माप देते. त्यांच्या हाती आजोबांचे ग्रंथ होते, वडिलांचा धर्म होता, युंग यांचे शास्त्र होते. यांतले काहीही त्यांनी जसेच्या तसे पुढे दिले नाही. जे जगून तपासता आले तेच लिहिले आणि जिथे जगणे अपुरे होते तिथे दीड वर्ष कागद कोरा ठेवला.

चित्रपटालाही हीच अट लावता येते. दिग्दर्शकाने पुस्तकातला प्रश्न स्वतःचा करून घेतला आणि आपल्या माध्यमात नव्याने सोडवला, तर प्रसंग गळले तरी न्याय होतो. पुस्तकातली उत्तरे उचलून पात्रांच्या तोंडी दिली, तर प्रत्येक प्रसंग असूनही होत नाही. रूक्स यांच्या चित्रपटात दोन्ही आहे. बोलतो तेव्हा तो फसतो, नदीकडे पाहतो तेव्हा साधतो.

‘सिद्धार्थ’ जेमतेम दीडशे पानांची आहे आणि दोन संध्याकाळी वाचून होते. शक्य असेल तर आधी ती वाचावी आणि मग चित्रपट पाहावा. शशी कपूर यांचा चेहरा आधी डोळ्यांत बसला, तर पुस्तकातला सिद्धार्थ शेवटपर्यंत तसाच दिसत राहील. त्याचा चेहरा हेसे यांनी बहुतांश वाचकावर सोपवलेला आहे.